कायद्यातील मुदती संगणकाला कशा समजावाव्यात : माहिती अधिकार अधिनियमाचे नियम-मॉडेल, पायरीपायरीने

माहितीच्या अधिकाराखाली आलेल्या अर्जाला कोणत्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो, कारण ‘तीस दिवस’ हे उत्तर सर्वांना पाठ असते. परंतु तोच अर्ज माहिती देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याऐवजी, अर्ज स्वीकारून त्याच्याकडे पाठवणाऱ्या सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिलेला असेल, त्यात त्रयस्थ पक्षाशी (अर्जदाराखेरीज अन्य व्यक्ती किंवा संस्थेशी) संबंधित माहिती मागितलेली असेल किंवा मध्येच प्रतींचे शुल्क भरण्यास कळवलेले असेल, तर उत्तर बदलते. आणि हे सारे फेरफार अधिनियमात एका ठिकाणी नसून कलम ५, ६, ७ आणि ११ मध्ये विखुरलेले आहेत. अनुभवी लिपिकाला ते ठाऊक असतात, पण त्याची बदली झाली की ती जाणही त्याच्याबरोबर जाते, आणि अर्जदाराला तर ती कधी मिळालेलीच नसते. अशा नियमांचे सॉफ्टवेअर मॉडेल तयार करून ते कार्यालयाला आणि नागरिकाला सारखेच वापरता यावे, यासाठी काय काय करावे लागते ते या लेखात माहिती अधिकार अधिनियम, २००५ या एकाच उदाहरणाच्या आधारे मांडले आहे. हीच पद्धत शुल्क, पात्रता, परवाना किंवा नोंदणीच्या अन्य नियमांनाही लागू पडते.

नियम-मॉडेल म्हणजे कायद्यातील व्याख्या, अटी, अपवाद, मुदती आणि रकमा यांची अशी मांडणी, जी माणसाला वाचता येते आणि संगणकाला चालवता येते. केवळ अर्ज ऑनलाइन भरून घेतल्याने नियमाचे स्वयंचलन होत नाही. बहुतेक पोर्टलमध्ये नियम प्रोग्रामच्या पोटात दडलेला असतो. प्रोग्रामरने तो कसा समजून घेतला हे खात्यातील कोणालाही वाचता येत नाही, आणि कायद्यात एका शब्दाचा बदल झाला तरी नव्या कंत्राटाची वाट पाहावी लागते. मॉडेलमध्ये नियम प्रोग्रामपासून वेगळा काढून उघड्यावर ठेवलेला असतो, आणि तो तपासण्याची जबाबदारी कायदा जाणणाऱ्याकडे राहते.

ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मारेक सर्गॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉग या तर्काधिष्ठित संगणकीय भाषेत उतरवून ते काम १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये २०११ पासून ओपनफिस्का या खुल्या प्रणालीत कर आणि सामाजिक लाभांचे नियम लिहिले जात आहेत. तिथल्याच इन्रिया या संशोधन संस्थेत घडलेली काताला ही भाषा कायद्याचा मजकूर आणि त्याचा प्रोग्राम एकाच दस्तऐवजात शेजारीशेजारी ठेवते. न्यूझीलंडने २०१८ मध्ये धोरण आखणारे, कायद्याचा मसुदा लिहिणारे आणि प्रोग्रामर यांना एकत्र बसवून हाच प्रयोग केला. या सर्व ठिकाणांहून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाची रीत, आणि त्या रीतीसाठी महागडी साधने लागत नाहीत. कायद्याची जाण असलेला एक अधिकारी, ते काम रोज हाताळणारा एक लिपिक आणि एक प्रोग्रामर, असे तिघे एका टेबलाशी बसले तरी सुरुवात करता येते. लिपिकाला मात्र या तिघांतून वगळू नये. नियम प्रत्यक्षात कुठे अडतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

पहिली पायरी : नियम निवडणे आणि सीमा आखणे

ज्या नियमात दिनांक, रक्कम, संख्या आणि ‘असेल तर, नसेल तर’ अशा अटी भरपूर आहेत, आणि ‘वाजवी’, ‘पुरेसे कारण’, ‘व्यापक लोकहित’ असे तोलून पाहायचे शब्द कमी आहेत, तो नियम पहिल्या कामासाठी योग्य समजावा. राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली संख्यांनी भरलेली असल्यामुळे पहिल्याच कामासाठी मोह पाडते, परंतु तिच्यातील अटी नकाशांच्या भूमितीशी जोडलेल्या आहेत, त्यामुळे नवख्या गटाने तिच्यापासून आरंभ करू नये.

एकाच अधिनियमात दोन्ही प्रकारची कलमे असतात हेही ध्यानात घ्यावे. माहिती अधिकार अधिनियमातील मुदती आणि शुल्क मोजता येतात, पण कलम ८ मधील अपवाद लागू करायचा की लोकहितासाठी माहिती द्यायची, हा निर्णय मोजणीचा नाही. म्हणून आपल्या मॉडेलची सीमा अशी लिहून ठेवावी : ते उत्तराची अंतिम तारीख सांगेल, शुल्क किती आणि घेता येते की नाही ते सांगेल, अर्ज कोणत्या अवस्थेत आहे ते दाखवेल आणि पहिल्या व दुसऱ्या अपिलाची मुदत काढेल, माहिती द्यावी की नाकारावी यावर ते काहीही बोलणार नाही. या परिच्छेदावर कार्यालयप्रमुखाची सही घ्यावी, कारण काम पुढे सरकू लागले की सीमा वाढवण्याचा आग्रह हमखास होतो.

दुसरी पायरी : अधिकृत मजकूर गोळा करून सुटा करणे

केंद्राचा अधिनियम इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. त्याच्या जोडीला महाराष्ट्र माहितीचा अधिकार नियम, २००५ आणि त्यांतील सुधारणा राजपत्रातून घ्याव्यात. कोणती गोष्ट कोणत्या थरातून येते हे इथेच स्पष्ट झाले पाहिजे : तीस दिवसांची मुदत अधिनियमातून येते, अर्जाचे १० रुपये राज्याच्या नियमांतून येतात, आणि एक अर्ज एकाच विषयाचा व साधारणपणे १५० शब्दांपर्यंतचा असावा ही अट २०१२ च्या राज्य सुधारणेतून येते. नियम बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे या थरांवरून ठरते.

मग मजकुराचे तुकडे करावेत. साध्या स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत एकच विधान ठेवावे. शेजारच्या रकान्यांत कलमाचा क्रमांक, शब्दशः मजकूर, विधानाचा प्रकार (व्याख्या, कर्तव्य, मुदत, अपवाद किंवा अधिकार), ते कोणावर बंधनकारक आहे, मुदत असल्यास ती कोणत्या घटनेपासून सुरू होते आणि त्यात आणखी कोणत्या कलमांचा उल्लेख आहे, हे लिहावे. परंतुकाला, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होऊन मुख्य नियमाला अट किंवा अपवाद जोडणाऱ्या वाक्याला, नेहमी स्वतंत्र ओळ द्यावी. ‘च्या अधीन राहून’ आणि ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ हे शब्दप्रयोग रंगाने ठळक करावेत, कारण दोन कलमांची टक्कर झाली तर कोणाचे चालेल हे त्यांवरून ठरते. कलम ७(१) हे ५(२) आणि ६(३) यांच्या परंतुकांच्या अधीन आहे; उलट ११(३) मध्ये कलम ७ ला बाजूला सारून स्वतंत्र मुदत दिली आहे. प्रोग्राममध्ये नियमांचा अग्रक्रम लिहिताना हीच दोन वाक्ये आधार म्हणून लागतात.

मजकुराचे तुकडे पाडण्यासाठी आता भाषिक कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरली जातात आणि पहिल्या कच्च्या मांडणीसाठी ती वापरायला हरकत नाही. मात्र ती एखादे परंतुक गाळू शकतात किंवा मजकुरात नसलेली अट सहजपणे घालू शकतात, म्हणून प्रत्येक ओळ राजपत्रातील मजकुराशी एका माणसाने मोठ्याने वाचून आणि दुसऱ्याने ताडून पाहावी. चालू मॉडेलमध्ये निर्णय काढण्याचे काम तर अशा साधनांकडे मुळीच देऊ नये, कारण तिथे एकाच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर मिळणे अनिवार्य आहे.

तिसरी पायरी : लागणारी तथ्ये ठरवणे

नियम चालवण्यासाठी कोणती माहिती लागते याची यादी करताना बऱ्याच गोष्टी उघड होतात. ‘अर्जाचा दिनांक’ असा एकच रकाना ठेवला तर मॉडेल पहिल्याच आठवड्यात चुकेल, कारण अर्जावर लिहिलेला दिनांक, सहायक जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज मिळाल्याचा दिनांक आणि जन माहिती अधिकाऱ्याला तो मिळाल्याचा दिनांक हे तीन वेगळे दिनांक आहेत. एखाद्या व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी असे कलम ७(१) चे परंतुक सांगते. पण आवक नोंदवहीत साधारणतः फक्त तारीख असते, वेळ नसते. ज्या कार्यालयात वेळेची नोंद होत नाही, तिथे ४८ तासांचे पालन झाले की नाही हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, मग त्या कार्यालयात कितीही उत्तम सॉफ्टवेअर बसवलेले असो. तेव्हा मॉडेलच्या कामातून निघणारी पहिली सुधारणा बहुधा आवक शिक्क्यात वेळ घालण्याची असेल.

प्रत्येक तथ्यासमोर ते कोण प्रमाणित करणार हेही लिहावे. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे का, हे जोडलेल्या पुराव्यावरून ठरते. त्रयस्थ पक्षाचे कलम ११ लागू होते का, हे मात्र तीन गोष्टींवर अवलंबून आहे : माहिती त्या पक्षाशी संबंधित आहे किंवा त्याने पुरवलेली आहे का, त्याने ती गोपनीय मानली आहे का, आणि जन माहिती अधिकाऱ्याचा ती उघड करण्याचा विचार आहे का. यातली शेवटची गोष्ट म्हणजे अधिकाऱ्याचा निर्णय आहे, म्हणून मॉडेलने ती स्वतः ताडू नये. अधिकाऱ्याने ती नाव आणि दिनांकासह नोंदवावी.

कायद्याने मागितलेले तथ्य उपलब्ध नसेल तर हाताशी असलेले दुसरे तथ्य त्याच्या जागी कधीही वापरू नये. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत नेमके तेच घडले. तिथे बेरोजगार आणि अन्य लाभार्थ्यांचा भत्ता दर पंधरवड्याच्या प्रत्यक्ष उत्पन्नावर अवलंबून होता, परंतु यंत्रणेकडे कर खात्याचा वार्षिक आकडा होता. तो २६ पंधरवड्यांत सारखा वाटून लोकांवर थकबाकी दाखवली गेली, आणि ती चूक असल्याचे सिद्ध करण्याचा भार लाभार्थ्यांवरच टाकला गेला. हंगामी काम करणाऱ्या माणसाचे उत्पन्न प्रत्येक पंधरवड्यात सारखे नसतेच. २०१९ मध्ये न्यायालयासमोर ही पद्धत टिकली नाही, आणि २०२३ मध्ये शाही चौकशी आयोगाने तिच्यावर कठोर अहवाल दिला. तिथला भागाकार अचूक होता; चुकीचे होते ते भागाकाराला दिलेले तथ्य. माझ्या मते कायद्याचे मॉडेल करू पाहणाऱ्या प्रत्येक गटाने काम सुरू करण्यापूर्वी हे प्रकरण मुळापासून अभ्यासावे.

चौथी पायरी : निर्णय तक्ता

आता मुदतीचे नियम एका तक्त्यात मांडावेत.

| परिस्थिती | मुदत | आधार |
|---|---|---|
| थेट मिळालेला सर्वसाधारण अर्ज | मिळाल्यापासून ३० दिवस | ७(१) |
| व्यक्तीचे जीवित किंवा स्वातंत्र्य | मिळाल्यापासून ४८ तास | ७(१) परंतुक |
| सहायक जन माहिती अधिकाऱ्यामार्फत | ७(१) ची मुदत अधिक ५ दिवस | ५(२) परंतुक |
| दुसऱ्या प्राधिकरणाचा विषय | ५ दिवसांत हस्तांतर | ६(३) परंतुक |
| त्रयस्थ पक्षाला म्हणणे मांडण्याची संधी | मिळाल्यापासून ४० दिवस | ११(३) |

तक्ता झाला की त्याला दोन प्रश्न विचारावेत : अशी एखादी परिस्थिती आहे का जिला एकही ओळ लागू होत नाही, आणि अशी एखादी आहे का जिला दोन ओळी लागू होतात? दुसऱ्या प्रश्नातून फार मोलाचे काही हाती येते. जीविताशी संबंधित अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला तर काय? कलम ५(२) चे परंतुक ७(१) मधील मुदतीत पाच दिवस मिळवते, आणि ४८ तास हेही ७(१) मध्येच आहेत. म्हणजे मजकुराप्रमाणे ४८ तास अधिक पाच दिवस असे उत्तर येते. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या मार्गदर्शिकेतही हीच बेरीज दिलेली आहे. तुरुंगात डांबलेल्या माणसाच्या नातेवाइकासाठी हे पाच दिवस किती जड असतील ते सांगायला नको. मॉडेलने कायदा परस्पर दुरुस्त करू नये, उत्तर कायद्याप्रमाणेच द्यावे. पण असे अर्ज त्याच दिवशी दूरध्वनीने कळवून पुढे पाठवावेत असा अंतर्गत आदेश काढण्यास कोणत्याही कार्यालयाला आडकाठी नाही, आणि तो आदेश काढण्याची गरज तक्त्यामुळेच दिसून येते.

त्रयस्थ पक्षाचा अर्ज सहायक अधिकाऱ्यामार्फत आला तर ४० मध्ये ५ मिळवावेत का? ५(२) चे शब्द फक्त ७(१) ची मुदत वाढवतात, ११(३) ची नव्हे; म्हणून मजकुरावरून उत्तर ४० हेच निघते. असा प्रत्येक निष्कर्ष कारणासह तक्त्याखाली टीप म्हणून लिहावा. निर्णय तक्त्यांसाठी ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) हे मानक आहे आणि ते चालवणारी तयार साधनेही आहेत, परंतु तक्ता आधी कागदावर पक्का होईपर्यंत त्यांच्याकडे वळण्याची घाई करू नये. प्रोग्रामरला देण्यापूर्वी प्रत्येक ओळ पुढीलप्रमाणे साध्या मराठीत लिहून घेतली की पुढचे निम्मे गैरसमज टळतात.

*नियम मुदत-१, आधार कलम ७(१) : जर अर्ज थेट जन माहिती अधिकाऱ्यास मिळाला असेल, आणि विषय जीवित किंवा स्वातंत्र्याचा नसेल, आणि त्रयस्थ पक्षाची कार्यवाही नसेल, तर अंतिम दिनांक = प्राप्ती दिनांक + ३० दिवस + शुल्कासाठी वगळलेले दिवस.*

पाचवी पायरी : दिवस मोजण्याचे नियम

या ओळीतील ‘+’ या चिन्हाला स्वतंत्र पायरी द्यावी लागते. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ९ मागील तत्त्वानुसार आरंभीचा दिवस सोडून मोजणी होते. १ जुलै २०२४ रोजी अर्ज मिळाला तर पहिला दिवस २ जुलै आणि तिसावा दिवस ३१ जुलै. सुट्ट्या यातून वजा होत नाहीत, कारण अधिनियमात नुसते ‘दिवस’ म्हटले आहे, कामाचे दिवस म्हटलेले नाही. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर काय, याचे उत्तर त्याच वाक्खंड अधिनियमाच्या कलम १० मध्ये आहे : ज्या कार्यालयात कृती करायची ते बंद असेल, तर पुढील उघड्या दिवशी केलेली कृती मुदतीत धरली जाते. अपील दाखल करणाऱ्या नागरिकासाठी ही तरतूद मोलाची आहे. अधिकाऱ्याने मात्र हिचा आधार घेण्याची वेळ येऊ देऊ नये, म्हणून त्याला दाखवायची अंतिम तारीख सुट्टीच्या आधीची ठेवावी. अर्जदाराचे नुकसान न करणारी ही निवड आहे.

शुल्काच्या बाबतीत कलम ७(३) सांगते की प्रतींच्या शुल्काबाबत कळवल्यापासून शुल्क भरेपर्यंतचा मधला काळ तीस दिवसांतून वगळावा. समजा, वरील अर्जात ११ जुलैला पत्र रवाना झाले आणि १९ जुलैला शुल्क भरले गेले. दोन तारखांचे अंतर धरले तर आठ दिवस वगळले जातात आणि अंतिम तारीख ८ ऑगस्ट येते. दोन्ही टोकांचे दिवस सोडून फक्त मधले दिवस धरले तर सात होतात आणि ७ ऑगस्ट येते. फरक एका दिवसाचा आहे, पण कलम २० मध्ये उशिराबद्दल अधिकाऱ्यावरची शास्ती, म्हणजे दंड, दिवसागणिक २५० रुपये आहे. प्रोग्रामर हा प्रश्न कोणाला न विचारता स्वतःच सोडवतो, कारण त्याच्या भाषेत दोन तारखांची वजाबाकी एका ओळीत होते. म्हणून तो विधी अधिकाऱ्यासमोर लेखी ठेवावा आणि मिळालेले उत्तर मॉडेलचा भाग करावे. इथेही एक दक्षता घ्यावी : वगळण्याचा काळ पत्र रवाना झाल्यापासून सुरू होतो, पत्रावर लिहिलेल्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे जावक नोंदवहीतील दिनांक हेच प्रमाण मानावे.

सहावी पायरी : अर्जाच्या अवस्था

अर्ज एका अवस्थेतून दुसरीत जातो : प्राप्त, हस्तांतरित, शुल्काच्या प्रतीक्षेत, त्रयस्थ पक्षाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत, निर्णय दिला, मानीव नकार, पहिले अपील, दुसरे अपील. या अवस्थांची आकृती काढून त्या बाणांनी जोडाव्यात, आणि प्रत्येक बाणावर तो बदल कोणत्या घटनेने आणि कोणत्या कलमाने घडतो ते लिहावे. यांतील मानीव नकार सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. कलम ७(२) नुसार मुदतीत निर्णय दिला नाही तर विनंती नाकारल्याचे मानले जाते. म्हणजे ही अवस्था कोणी काही केल्याने येत नाही, कोणी काहीच न केल्याने येते. कागदी नोंदवहीत तिची नोंद करायला कोणी बसलेलेच नसते. मॉडेलने मात्र त्या मध्यरात्री अवस्था बदलली पाहिजे, कारण तिथूनच अर्जदाराच्या पहिल्या अपिलाचे ३० दिवस सुरू होतात (३१ जुलैला मुदत संपली तर ३० ऑगस्टपर्यंत), आणि ७(६) नुसार त्यानंतर दिलेली माहिती विनामूल्य द्यावी लागते. दुसऱ्या अपिलाची ९० दिवसांची मुदत कलम १९(३) मधून येते.

खऱ्या अर्थाने वेळ वाचवणारे स्वयंचलन याच आकृतीवर बसते. विसाव्या दिवशी अधिकाऱ्याला आठवण, पाच दिवसांच्या आत हस्तांतराचे पत्र, कलम ११ ची पाच दिवसांत द्यायची नोटीस, हे सारे आपोआप तयार होऊ शकते. शुल्काच्या पत्रात तर ७(३) प्रमाणे रकमेचा हिशेब आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील द्यावाच लागतो. पानांची संख्या भरली की प्रतिपान २ रुपयांनी रक्कम, तिचा हिशेब आणि तो तपशील असलेले पत्र छापून निघावे. अर्जदार दारिद्र्यरेषेखालील असल्यास ७(५) नुसार हे पत्र निघूच नये.

सातवी पायरी : माणसाचा निर्णय माणसाकडे ठेवणे

पहिले अपील मुदतीनंतर आले तर मॉडेलने ‘अपील फेटाळले’ असे कधीही छापू नये. पुरेशा कारणामुळे उशीर झाल्याची खात्री पटल्यास ते दाखल करून घेण्याचा अधिकार कलम १९(१) च्या परंतुकाने अपिलीय प्राधिकाऱ्याला दिला आहे; तेव्हा पडद्यावर ‘अपील १२ दिवस उशिरा; दाखल करून घेण्याबाबत निर्णय आवश्यक’ एवढेच यावे आणि निर्णय कारणांसह नोंदवण्याची जागा असावी. शास्तीचेही तसेच आहे. दररोज २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये, म्हणजे शंभराव्या दिवशी कमाल मर्यादा गाठली जाते, हा हिशेब संगणक करू शकतो. परंतु उशिराला वाजवी कारण होते का हे पाहणे आणि अधिकाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी देणे हे काम दुसरे अपील ऐकणाऱ्या माहिती आयोगाचे आहे.

आठवी पायरी : चाचण्या आधी, प्रोग्राम नंतर

प्रोग्रामरने एकही ओळ लिहिण्यापूर्वी विधी अधिकारी आणि लिपिकाने मिळून उदाहरणे आणि त्यांची उत्तरे हाताने काढून ठेवावीत. सोप्या उदाहरणांवर फार वेळ घालवू नये. काठावरची उदाहरणे शोधावीत. तिसाव्या आणि एकतिसाव्या दिवशी दिलेले उत्तर. ३० जानेवारी २०२४ ला मिळालेला अर्ज, ज्याची मुदत लीप वर्षामुळे २९ फेब्रुवारीला संपते, आणि ३० जानेवारी २०२३ चा अर्ज, ज्याची मुदत १ मार्चला संपते. शुल्काचे पत्र मुदत संपल्यावर पाठवलेले. शुल्क कधीच न भरलेले. हस्तांतर सहाव्या दिवशी केलेले. कार्यालयाच्या जुन्या निकाली अर्जांतून, विशेषतः जे आयोगापर्यंत गेले त्यांतून, आणखी उदाहरणे घ्यावीत. हाताने उत्तर काढताना दोघांचे एकमत झाले नाही, तर ते उदाहरण बाजूला न टाकता आधी त्याचाच निकाल लावावा.

नववी पायरी : कायदा बदलतो तेव्हा

जुना नियम पुसून नवा लिहिणे ही मॉडेलच्या देखभालीतील सर्वांत महागात पडणारी सवय आहे. प्रत्येक नियमाला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन दिनांक असावेत. कायदा संमत झाल्याचा दिनांक आणि तो अमलात आल्याचा दिनांक वेगळे असू शकतात. वैयक्तिक माहितीबाबतचे कलम ८(१)(ञ) बदलणारी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात होती, पण तो अधिनियम संमत होताच लागू झाला नाही, अधिसूचनेच्या दिनांकावर सोपवला गेला.

शिवाय कोणत्या घटनेचा दिनांक पाहून आवृत्ती निवडायची, हेही प्रत्येक नियमासाठी वेगळे ठरवावे लागते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चे उदाहरण इथे बोलके आहे. त्यातील २०२३ ची सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. जन्मानंतर वर्षाहून अधिक उशिरा नोंदणी करायची तर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे; सुधारणेनंतर तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. १९९० मध्ये जन्मलेल्या माणसाने २०२४ मध्ये अर्ज केला तर त्याचा आदेश नव्या तरतुदीप्रमाणे होतो, त्याचे जन्मवर्ष इथे पाहायचे नसते. याच सुधारणेने शाळाप्रवेश, वाहनचालक परवाना, पारपत्र इत्यादींसाठी जन्मदाखला हाच पुरावा ठरवला. ही तरतूद मात्र सुधारणा लागू झाल्यावर जन्मलेल्यांसाठी आहे, म्हणजे इथे जन्मदिनांकच पाहावा लागतो. एकच सुधारणा, एकच अंमल दिनांक, आणि तरी दोन कलमांसाठी पाहायचे दिनांक दोन! ज्या मॉडेलमध्ये ‘आजची तारीख’ पाहून नियम निवडला जातो, ते यांपैकी एका ठिकाणी चुकणारच.

दहावी पायरी : कारणांसह उत्तर, प्रसिद्धी आणि चालवून पाहणे

मॉडेलने नुसती तारीख देऊ नये. ‘अंतिम दिनांक ८ ऑगस्ट २०२४, प्राप्ती १ जुलै, कलम ७(१) प्रमाणे ३० दिवस, कलम ७(३) प्रमाणे ८ दिवस वगळले, नियम आवृत्ती अमुक’ असे पूर्ण उत्तर छापावे, आणि तेच अर्जदारालाही दिसावे. प्रशासकीय किंवा न्यायिकवत (न्यायनिवाड्यासारख्या) निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत असे याच अधिनियमाचे कलम ४(१)(घ) सांगते, आणि ४(१)(ख) खाली निर्णयप्रक्रियेतील कार्यपद्धती, नियम व सूचना स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात. निर्णय तक्ता, टिपा, चाचण्यांची उदाहरणे आणि प्रोग्राम हे सारे त्या प्रसिद्धीत बसते, असे माझे स्पष्ट मत आहे. नागरिकाला लागू होणारा नियम एखाद्या पुरवठादाराची खासगी मालमत्ता होता कामा नये. कंत्राट करताना ही अट पहिल्याच पानावर असावी.

सुरुवातीचे काही महिने नोंदवही आणि मॉडेल समांतर चालवावे. दोघांची उत्तरे जिथे जुळत नाहीत, तिथे प्रत्येक प्रकरण तीनपैकी एका रकान्यात टाकावे : मॉडेल चुकले, नोंद चुकली, किंवा नियमच संदिग्ध आहे. पहिला रकाना प्रोग्रामरचा, दुसरा कार्यालयप्रमुखाचा. तिसऱ्या रकान्यातील प्रत्येक नोंदीसमोर तो दोष कोणत्या थरावर दुरुस्त होऊ शकतो ते लिहावे. आवक शिक्क्यात वेळ घालणे किंवा जीविताशी संबंधित अर्ज त्याच दिवशी पुढे पाठवणे हे कार्यालयीन आदेशाने होते. शुल्काचे वगळलेले दिवस कसे मोजावेत हे सामान्य प्रशासन विभागाच्या परिपत्रकाने सर्व कार्यालयांसाठी एकसारखे ठरवता येते. सहायक अधिकाऱ्यामार्फत आलेल्या ४८ तासांच्या अर्जाला मिळणारे जादा पाच दिवस मात्र केवळ संसदच काढू शकते. ही यादी, त्या त्या प्रकरणाच्या तारखांसह, दर सहा महिन्यांनी संबंधित विभागाकडे पाठवावी.